सामाईक आयन असताना क्षाराची विद्राव्यता कशी काढायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मी बारावी सायन्सच्या रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेते. माझ्याकडची बरीच मुलं दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून एसटीने येतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला पुस्तक एकदम इंग्रजीत. मग ‘आयनिक इक्विलिब्रिया’ हा धडा निघाला की दरवर्षी तेच प्रश्न, त्याच चुका. म्हणून एकदाचं सगळं मराठीत लिहून ठेवलं. आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत.

मॅडम, विद्राव्यता आणि केएसपी यांत नेमका फरक काय? दोन्ही ‘किती विरघळतं’ हेच सांगतात ना?

नाही, आणि निम्म्या चुकांचं मूळ इथंच आहे.

‘विद्राव्य’ हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी पुस्तकाआधी खताच्या गोणीवर वाचलेला असतो. विद्राव्यता म्हणजे ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त किती क्षार विरघळतो ते. पाण्यात आधीपासून काय आहे त्यानुसार ती बदलते. केएसपी, म्हणजे विद्राव्यता गुणाकार, हा संपृक्त द्रावणातल्या (ज्यात आणखी क्षार विरघळत नाही अशा) आयनांच्या संहतींचा, म्हणजे दर लिटरमधल्या प्रमाणांचा, गुणाकार. तापमान तेच असेल तर तो बदलत नाही.

जमिनीच्या भाषेत सांगते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. प्लॉट चौकोनी असेल तर ३३ बाय ३३. तोच गुंठा रस्त्याला लागून लांबट काढला, समजा १०० फूट लांब, तर रुंदी ११ फुटांच्या आत येते. क्षेत्रफळ ठरलेलं आहे, एक बाजू ताणली की दुसरी आखडणारच. केएसपी म्हणजे तो गुंठा. शुद्ध पाण्यातलं सिल्व्हर क्लोराईड म्हणजे ३३ बाय ३३: जितके सिल्व्हर आयन, तितकेच क्लोराईड. बाहेरून मीठ टाकून क्लोराईड वाढवलंत की सिल्व्हरची बाजू आखडते. सिल्व्हर फक्त विरघळलेल्या सिल्व्हर क्लोराईडमधूनच येतं, म्हणून ती आखडलेली बाजू हीच आता विद्राव्यता. क्षारात आणि बाहेरून टाकलेल्या पदार्थात असलेला तोच आयन, इथं क्लोराईड, म्हणजे सामाईक आयन. सामाईक आयन परिणाम तो हाच.

गणित पायरीपायरीने दाखवा.

सिल्व्हर क्लोराईडचा केएसपी १.८ × १०⁻¹⁰. आधी शुद्ध पाणी घेऊ. दर लिटरला ‘एस’ मोल विरघळलं तर सिल्व्हर एस, क्लोराईडही एस.

एस × एस = १.८ × १०⁻¹⁰
एस = १.३४ × १०⁻⁵ मोल प्रति लिटर

रेणुभार साधारण १४३ धरला तर लिटरभर पाण्यात जेमतेम १.९ मिलिग्रॅम.

आता तेच ०.१ मोलर, म्हणजे दर लिटरला ०.१ मोल, मिठाच्या पाण्यात. इथं प्रत्येक आयनासाठी एकच प्रश्न विचारायचा: हा कुठून कुठून आला? सिल्व्हर फक्त आपल्या क्षारातून, म्हणून एस. क्लोराईड दोन ठिकाणांहून: मिठातून ०.१ आणि आपल्या क्षारातून एस. म्हणून ०.१ + एस.

एस × (०.१ + एस) = १.८ × १०⁻¹⁰

०.१ च्या शेजारी एस इतका बारीक आहे की तो सोडून देता येतो. मग

एस = १.८ × १०⁻¹⁰ ÷ ०.१ = १.८ × १०⁻⁹

शुद्ध पाण्याच्या मानाने विद्राव्यता सात हजार पटींहून जास्त घसरली. केएसपी मात्र तसूभरही हलला नाही.

‘एस सोडून द्या’ असं म्हणता. पण कधी सोडायचा आणि कधी नाही?

हा प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात. बाकीची गाईडमध्ये सोडला म्हणून सोडतात.

सोडून बघायचा, उत्तर काढायचं आणि मग उलटून तपासायचं. निघालेला एस बाहेरून आलेल्या संहतीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. वरच्या उदाहरणात तो ०.१ च्या जवळही फिरकत नाही, प्रश्नच मिटला.

आता मीठ फार थोडं घ्या, १ × १०⁻⁵ मोलर. डोळे झाकून एस सोडला तर उत्तर येतं १.८ × १०⁻⁵. जरा थांबून बघा. शुद्ध पाण्यात १.३४ × १०⁻⁵ होतं. म्हणजे क्लोराईड टाकल्यावर विद्राव्यता वाढली? अशक्य. इथं वर्गसमीकरण सोडवण्यावाचून गत्यंतर नाही:

एस² + (१ × १०⁻⁵) एस − १.८ × १०⁻¹⁰ = ०
एस = ९.३ × १०⁻⁶

शुद्ध पाण्यापेक्षा कमी, पण थोडंसंच. बरोबरच आहे, टाकलेलं क्लोराईडही तेवढंसंच होतं. सामाईक आयन टाकल्यावरचं उत्तर शुद्ध पाण्यापेक्षा मोठं दिसलं की पेन्सिल खाली ठेवायची आणि मागे जायचं. या एका सवयीने माझ्या वर्गात जितके मार्क वाचलेत तितके कुठल्याही सूत्राने वाचले नसतील.

लेड क्लोराईडला दोन क्लोराईड असतात. तिथं दुप्पट करायचं, वर्ग करायचा की दोन्ही?

या चुकीवर मी दरवर्षी लाल पेनाची एक रिफिल संपवते.

लेड क्लोराईडचा केएसपी १.७ × १०⁻⁵ धरू. एक मोल विरघळलं की एक मोल लेड आणि दोन मोल क्लोराईड. शुद्ध पाण्यात लेड एस, क्लोराईड २एस, म्हणून

एस × (२एस)² = ४एस³ = १.७ × १०⁻⁵
एस = १.६ × १०⁻²

‘दुप्पट’ आणि ‘वर्ग’ वेगवेगळ्या कारणांनी येतात. दुप्पट येते कारण त्या क्षारातून दोन क्लोराईड बाहेर पडतात. वर्ग येतो कारण केएसपीच्या व्याख्येतच क्लोराईडची संहती दोनदा गुणलेली आहे.

आता ०.१ मोलर मिठाचं पाणी. मिठातून आलेलं क्लोराईड ०.१ आहे. त्याची दुप्पट करायची नाही! ते लेड क्लोराईडमधून आलेलं नाही, त्याला तो नियम का लावायचा? वर्ग मात्र करायचा.

एस × (०.१)² = १.७ × १०⁻⁵
एस = १.७ × १०⁻³

तपासा: २एस म्हणजे ०.००३४, ०.१ च्या साडेतीन टक्क्यांच्या आत. चालेल.

तेच सामाईक आयन लेड असता तर? ०.१ मोलर लेड नायट्रेटमध्ये

०.१ × (२एस)² = १.७ × १०⁻⁵
एस = ६.५ × १०⁻³

इथं एस ५ टक्क्यांची वेस ओलांडतो. नीट सोडवलं तर ६.३ × १०⁻³ येतं. दोन्हीकडे ०.१ मोलरच टाकलं, तरी क्लोराईडने विद्राव्यता जवळजवळ दहापट उतरवली आणि लेडने अडीचपट. वर्ग ज्याच्या डोक्यावर, त्याचा वार जड.

याच कुळातला सापळा: ‘०.१ मोलर कॅल्शिअम क्लोराईडमध्ये सिल्व्हर क्लोराईडची विद्राव्यता काढा.’ इथं मात्र दुप्पट करायची, कारण कॅल्शिअम क्लोराईडच्या एका मोलमधून दोन मोल क्लोराईड सुटतात. क्लोराईड ०.२, म्हणून एस = ९ × १०⁻¹⁰.

कॅल्क्युलेटर नाही, घनमूळ कसं काढायचं?

बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्याला घाबरू नका. फक्त घातांक आधी तीनने भाग जाईल असा करून घ्या. समजा २.७५ × १०⁻¹³ चं घनमूळ हवंय. १३ ला तीनने भाग जात नाही, म्हणून २७५ × १०⁻¹⁵ लिहा. २७५ चा लॉग २.४३९३, तीनने भागला की ०.८१३१, अँटीलॉग ६.५०. उत्तर ६.५ × १०⁻⁵. वर्गमुळाला हेच, फक्त घातांक सम हवा.

माझ्या पुस्तकातला केएसपी आणि भावाच्या पुस्तकातला वेगळा आहे. कुठला खरा?

मॅग्नेशिअम हायड्रॉक्साईडला एका कोष्टकात १.८ × १०⁻¹¹ दिसेल, दुसऱ्यात ५.६ × १०⁻¹². मोजण्याची पद्धत आणि अवक्षेपाची (द्रावणातून घन होऊन खाली बसलेल्या पदार्थाची) अवस्था बदलली की आकडे बदलतात. प्रश्नात दिलेला आकडाच वापरा, पाठ केलेला नको.

प्रॅक्टिकलला क्षारातला धातू ओळखताना तिसऱ्या गटात (ॲल्युमिनिअम, लोह) आधी अमोनिअम क्लोराईड टाका म्हणतात. विसरलं तर काय होतं?

विसरून बघितलं नाही असा विद्यार्थी विरळा. तरी हा प्रकार आकड्यांत बघण्यासारखा आहे.

समजा नळीत ०.०१ मोलर मॅग्नेशिअम आहे आणि अमोनिअम हायड्रॉक्साईड ०.१ मोलर. ते दुर्बल आम्लारी, त्याचा केबी (ते किती आयन सोडतं ते सांगणारा स्थिरांक) १.८ × १०⁻⁵. एकटं असताना त्यातून हायड्रॉक्साईड मिळतं साधारण १.३ × १०⁻³ मोलर. मॅग्नेशिअम हायड्रॉक्साईडसाठी आयनांचा गुणाकार होतो ०.०१ × (१.३४ × १०⁻³)², म्हणजे १.८ × १०⁻⁸. केएसपी १.८ × १०⁻¹¹ धरला तर त्याच्या हजारपट. पांढरा अवक्षेप पडला, आणि तुम्ही वहीत ‘ॲल्युमिनिअम’ लिहून मोकळे.

आता अमोनिअम क्लोराईड आधी घाला, १ मोलर होईल इतकं. अमोनिअम आयन सामाईक, त्यामुळे हायड्रॉक्साईड १.८ × १०⁻⁶ वर येतं. मॅग्नेशिअमचा गुणाकार ३.२ × १०⁻¹⁴, केएसपीच्या खाली, म्हणून तो द्रावणातच राहतो. फेरिक हायड्रॉक्साईडचा केएसपी मात्र १०⁻³⁸ च्या आसपास. एवढ्याशा हायड्रॉक्साईडनेही त्याचा तपकिरी अवक्षेप पडतोच. कोणाला खाली बसवायचं आणि कोणाला तरंगत ठेवायचं, हे त्या चमचाभर पांढऱ्या पावडरीने ठरतं.

दुसऱ्या गटात हायड्रोजन सल्फाईडआधी हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतात तेही याच कारणाने. तिथं सामाईक आयन हायड्रोजन, आणि आवरायचा असतो सल्फाईड.

अवक्षेप धुवायला साधं डिस्टिल्ड वॉटर का वापरत नाहीत?

कधीकधी वापरतात. पण लेड सल्फेटचा अवक्षेप विरल सल्फ्युरिक आम्लाने धुतात: धुण्याच्या पाण्यातच सल्फेट असलं की अवक्षेप विरघळून वाया जात नाही. बेरिअम सल्फेटला मात्र साधं पाणी चालून जातं: त्याचा केएसपी १.१ × १०⁻¹⁰, लिटरला साधारण अडीच मिलिग्रॅम विरघळतं. २०० मिलिलिटर पाण्याने धुतलं तर फार तर अर्धा मिलिग्रॅम जाईल. शाळेच्या तराजूला ते कळणारही नाही.

आमच्या द्राक्षबागेत कॅल्शिअम नायट्रेट आणि मॅग्नेशिअम सल्फेट एका ड्रममध्ये टाकू नका म्हणतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

अगदी थेट. निफाडच्या एका मुलाने हे वर्गात विचारलं आणि तेव्हापासून हा धडा मी ड्रमपासूनच सुरू करते.

दोन्ही खतं एकेकटी पाण्यात झकास विरघळतात. एकत्र आली की कॅल्शिअमला सल्फेट भेटतं आणि जिप्सम तयार होतं. घरचे म्हणतात, ‘द्रावण फाटलं.’ तळाला पांढरा साका बसतो, फिल्टर तुंबतो, ड्रिपर चोंदतात.

आकडे मांडू. २०० लिटरच्या ड्रममध्ये दोन्ही खतं ५-५ किलो. खताच्या कॅल्शिअम नायट्रेटमध्ये साधारण १९ टक्के कॅल्शिअम धरलं तर ते सुमारे ०.१२ मोलर होतं. मॅग्नेशिअम सल्फेटच्या खड्यांचा रेणुभार साधारण २४६, म्हणजे सल्फेट ०.१० मोलर. गुणाकार ०.०१२. जिप्समचा केएसपी ३.१ × १०⁻⁵. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चारशेपट! ड्रममध्ये तीन किलोच्या आसपास जिप्सम बसेल. विकत घेतलेलं खत तळाशी आणि वेलीला पाणी.

सामाईक आयन कुठं आला? कॅल्शिअम थोडं जास्त होतं, ते उरलं. या उरलेल्या कॅल्शिअमने सल्फेटची बाजू आणखी आखडली. नुसत्या पाण्यात जिप्सममधून जितकं सल्फेट विरघळलं असतं त्याहूनही कमी द्रावणात राहतं. ‘अजून एक किलो कॅल्शिअम टाकू, होईल ठीक’ हा उपाय म्हणजे आगीत तेल. दोन ड्रम ठेवा, किंवा एक सोडून झाल्यावर नळ्या साध्या पाण्याने धुऊन मग दुसरं. बारा-एकसष्टसारखी फॉस्फेटची खतंही कॅल्शिअमपासून लांब ठेवायची. तिथं जिप्समऐवजी कॅल्शिअम फॉस्फेट बसतं.

मग जितका सामाईक आयन जास्त तितकी विद्राव्यता कमी, असं बिनधास्त लिहू का?

बोर्डाच्या पेपरात लिहा. खऱ्या बीकरमध्ये नाही.

सिल्व्हर क्लोराईडमध्ये क्लोराईड वाढवत गेलात तर काही सहस्रांश मोलरपर्यंत विद्राव्यता उतरते आणि मग उलटी चढायला लागते. सिल्व्हर आयन जास्तीच्या क्लोराईडशी जोडी जमवून संयुक्त आयन बनवतो आणि पुन्हा द्रावणात जातो. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात सिल्व्हर क्लोराईड बऱ्यापैकी विरघळतं. खरं सांगायचं तर आपलं वरचं ०.१ मोलरचं उत्तर, १.८ × १०⁻⁹, कागदावरचंच आहे. प्रत्यक्षात तिथं सिल्व्हर त्याहून बरंच जास्त द्रावणात असतं. केएसपीचं गणित फक्त सुटे सिल्व्हर आयन मोजतं, जोडीने फिरणारे नाही.

दुसरी भानगड जिप्समची. ३.१ × १०⁻⁵ चं वर्गमूळ ५.६ × १०⁻³ येतं. प्रयोगशाळेत मोजलं तर विद्राव्यता साधारण १.५ × १०⁻² मोलर निघते, अडीचपटीहून जास्त. दोन धन आणि दोन ऋण प्रभारांचे आयन एकमेकांना ओढून धरतात, काही जोडीनेच तरंगतात, आणि गर्दीत त्यांचा ‘कामाचा’ हिस्सा घटतो. हा कामाचा हिस्सा मोजायची पद्धत डेबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्ये मांडली. तुमच्या अभ्यासक्रमात नाही, पण गणित आणि बीकर जुळत नाहीत म्हणून आपण चुकलो असं समजू नका.

सामाईक आयन नसलेला क्षार टाकला तर विद्राव्यता तशीच राहते?

नाही, किंचित वाढते. सिल्व्हर क्लोराईडच्या द्रावणात पोटॅशिअम नायट्रेट टाकून बघा. कारण वरचंच, आयनांची गर्दी.

आम्लात काही क्षार जास्त विरघळतात, ते कसं?

उलटा खेळ आहे. कॅल्शिअम फ्लोराईडमध्ये आम्ल टाकलं की हायड्रोजन आयन फ्लोराईडला पळवून नेतो, ते दुर्बल आम्ल बनतं. एक बाजू आखडली, म्हणून दुसरी ताणली. सिल्व्हर क्लोराईडला नायट्रिक आम्लाने असा काही फरक पडत नाही, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल प्रबळ आहे, क्लोराईड त्याच्यासोबत बांधून राहत नाही.

हे शोधलं कोणी? एक मार्काला येतं.

समतोल कुठं सरकतो याचं तत्त्व ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलं. एका क्षाराच्या विद्राव्यतेवर दुसऱ्याचा काय परिणाम होतो, हे गणितात वॉल्टर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये बसवलं. त्यांना १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते उष्मारसायनासाठी. हे गोंधळू नका.

दोन द्रावणं मिसळायला सांगितली की माझं उत्तर नेहमी चारपट येतं. का?

५० मिलिलिटरमध्ये ५० मिलिलिटर ओतलं की दोन्ही संहती निम्म्या होतात, हे विसरता म्हणून. निम्मा गुणिले निम्मा, पाव. मिसळल्यानंतरचे आकडे आधी लिहा, मग केएसपीशी तुलना करा.

सरावाला एखादं गणित द्या ना.

सिल्व्हर क्रोमेट घ्या. यात दोन सिल्व्हर, एक क्रोमेट, केएसपी १.१ × १०⁻¹². विद्राव्यता तीन ठिकाणी काढा: शुद्ध पाण्यात, ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये आणि ०.१ मोलर पोटॅशिअम क्रोमेटमध्ये. अनुक्रमे ६.५ × १०⁻⁵, १.१ × १०⁻¹⁰ आणि १.७ × १०⁻⁶ यायला हवं. दुसऱ्याचं उत्तर २.७५ × १०⁻¹¹ आलं असेल तर बाहेरून आलेल्या सिल्व्हरची तुम्ही दुप्पट केलीत. लेड क्लोराईडचा प्रश्न पुन्हा वाचा.